लिगामेंटच्या ऑपरेशननंतरचे महिने : आपल्या भागातले अनुभव लिहा

फेब्रुवारीत अनगोळात फुटबॉल खेळताना डावा गुडघा फिरला. 'टक्' झालेलं मला ऐकू आलं, गोलकीपरलाही. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून धरणारं लिगामेंट, तुटलं होतं. महिन्याभरानं मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा कंडरा काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलं. ऑपरेशनबद्दल सगळ्यांनी भरभरून सांगितलं, पुढचं मात्र कुणी सांगत नाही. आज सातवा आठवडा. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो, पण पूर्ण सरळ होत नाही. झोपलो की गुडघ्याखालून दोन बोटं आरामात जातात. घरी येणारा प्रत्येक जण "वाकतो किती?" एवढंच विचारतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. दवाखान्यांची नावं नकोत, भांडणं होतात.

निपाणीहून
ती दोन बोटं हलक्यात घेऊ नका. मी घेतली होती. रात्री गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटायचं, म्हणून महिनाभर ठेवली. वाकवणं छान जमलं, सगळे खूश. पाय सरळ होईना म्हणून लंगडत चालायचो, त्यानं मांडी आणखी वाळली. शेवटी पाचव्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घालून आतली जखमेची गाठ काढावी लागली. आता सांगतो : उशी टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. पालथं झोपून पाय पलंगाबाहेर लोंबू द्यायचा, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ त्यानंतर. वाकवणं मागाहूनही येतं, सरळ करणं लांबलं की जड जातं.

खानापूरहून, शिक्षिका
पावसाळ्यात शाळेच्या ओल्या पायरीवरून घसरले. लिगामेंटसोबत गुडघ्यातली कूर्चेची गादीही (मेनिस्कस) फाटली होती. ती शिवल्यामुळे सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, अशी ताकीद. शेजारच्या बाई त्याच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालत होत्या, त्यामुळे सासूबाईंना वाटे मीच आळशी. गादी शिवली की हिशेब वेगळा, हे त्यांना पटवायला फिजिओलाच फोनवर घ्यावं लागलं.

फिजिओ बेळगावात, आठवड्यातून दोनदा. पुढे बसनं जाऊ लागले. कुबड्या घेऊन बसची पहिली पायरी चढणं हाच मोठा व्यायाम होता. चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा आधी खाली. कंडक्टर "निधान अक्का, निधान" (हळू ताई, हळू) म्हणत थांबायचा, कधी मागचे प्रवासी ओरडायचे. आमच्या फिजिओबाई कानडी. मांडीचा स्नायू आवळून धरायला लावायच्या आणि मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु…" (एक, दोन, तीन), हत्तु म्हणजे दहा आलं की सोडायचं. घरीही मी तसंच मोजू लागले. मराठीत मोजलं की सातालाच सुटायचं, का ते देव जाणे. सासूबाई आता भाकरी थापतानाही हत्तुपर्यंत मोजतात.

नडगीच्या बाहेरच्या बाजूला हातभर जागा बधिर आहे, तिथली बारीक नस कापली जाते म्हणे. वर्ष झालं, थोडी कमी झालीय. मांडी घालून बसायला आठ महिने लागले. तोवर पूजा खुर्चीवर आणि संडासाला कमोडची खुर्ची. लाज वाटून घेऊ नका, आधीच आणून ठेवा.

संकेश्वरहून
वडिलांच्या वेळची गोष्ट. दहाव्या दिवशी पोटरी सुजली, कडक झाली, हात लावला तर गरम. तेल लावून चोळायला घेतलं. फिजिओ आले, त्यांनी माझा हातच धरला. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली तर शिरेत गुठळी. बरे झाले, पण तेव्हापासून एकाच पायाची पोटरी अशी सुजली की आमच्याकडे कुणी चोळत नाही, गाडी काढतो.

चिकोडीहून
मी ऑपरेशन केलंच नाही. एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले तुझं काम सरळ चालण्याचं, आधी व्यायाम करून बघू. चार महिने केला. उसाच्या सरीत चालतो, पाय सटकत नाही. कबड्डी सोडली.

वडगावहून, पैलवान
अडीच महिन्यांत दुखायचं थांबलं आणि तिथंच घात झाला. नवा कंडरा आत रुजताना आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू तयार होतो, म्हणजे गुडघा शांत असतो तेव्हाच तो सगळ्यात नाजूक. मला वाटलं झालं. पाचव्या महिन्यात वस्तादांची नजर चुकवून मातीत उतरलो, ढाक लावताना तोच पाय पुन्हा गेला. वस्ताद काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी वाटीखालचा कंडरा घेतला. गुडघ्यावर टेकून बसलं की अजून खुपतं. या वेळी महिने नव्हे, पाय मोजला. एका पायावर उडी मारून किती लांब जातो ते दोन्ही पायांनी बघायचं. दुखरा पाय चांगल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत येईना तोवर धावण्याव्यतिरिक्त काही नाही. नऊ महिने उलटले तरी माझा आकडा ८२ होता. अकराव्या महिन्यात ९३. मग आखाडा.

अनगोळहून, पुन्हा मीच
उशी काढली. चार दिवस पाय पलंगाबाहेर लोंबवतोय, आज एकच बोट जातं. काल मित्र येऊन "काय करूलालास रे पालथा पडून?" म्हणाला, त्यालाच वेळ लावायला बसवलं. खानापूरच्या बाई, हत्तु झालं की पाय एकदम सोडायचा की हळू?