टाच आधी की चवडा? सातारा हिलच्या तयारीत पोटऱ्या धरल्यात

अजिंक्यतारा_पहाट:
नमस्कार मंडळी. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. ग्रुपमधल्या एका अनुभवी काकांनी माझा व्हिडिओ काढला. माझी टाच आधी टेकते. "असाच पळत राहिलास तर गुडघे जातील, चवड्यावर ये," म्हणाले. खरं तर गुडघा कधी दुखलाच नव्हता. पण तीन आठवडे चवड्यावर पळतोय आणि आता पोटऱ्या दगड झाल्यात. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं उजव्या टाचेमागची शीर आखडलेली असते. सवय होईपर्यंत असंच होतं का?

रानवाट:
अरे, आधी थांब. ही सवय होण्याची लक्षणं नाहीत, शीर तक्रार करतेय.

२०१२ मध्ये मी हेच केलं होतं. अनवाणी पळण्याची लाट होती. पातळ तळव्याचे बूट घेतले आणि पहिल्याच आठवड्यात ८ किलोमीटर चवड्यावर पळाले. डावी अकिलिस, म्हणजे तीच टाचेमागची शीर, सुजली. चार महिने पळणं बंद, जिना उतरताना कठडा धरायचे. म्हणून तुझं वाचून जीव कळवळला.

चवड्यावर आलं की भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. टाच आधी टेकली की गुडघ्यावर जास्त येतो. चवडा आधी टेकला की पोटरी आणि अकिलिसवर. तू न दुखणारा गुडघा वाचवायला निघालास आणि शीर दुखावून घेतलीस.

हे चवड्याचं वेड हार्वर्डच्या लीबरमन यांच्या २०१० च्या संशोधनानंतर जास्त पसरलं. अनवाणी वाढलेले केनियाचे धावपटू बहुतेकदा चवडा आधी टेकवतात आणि टाचेचा तो पहिला तीव्र धक्का त्यांना बसत नाही, हे त्यात दिसलं. ते खरंच आहे. पण २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच जमातीच्या लोकांना संशोधकांनी पळताना पाहिलं, तर तेही अनवाणीच, आणि सोयीच्या वेगात बहुतेकांची टाच आधी! जपानमधल्या सापोरोच्या हाफ मॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरवर चित्रण केलं होतं, तिथे कसलेल्या धावपटूंपैकीही साधारण ७५ टक्के टाचेवरच होते. दम कमी लागेल म्हणावं तर तेही नाही. टाचेवाल्यांना मुद्दाम चवड्यावर पळवलं तेव्हा मध्यम वेगात ऑक्सिजन उलट जास्तच लागला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हार्वर्डच्या क्रॉस कंट्री संघात टाचेवाल्यांना अतिवापराच्या दुखापती जवळपास दुप्पट आढळल्या. पण ती ५२ जणांची पाहणी होती, आणि ती मुलं आपापल्या सवयीने पळत होती, कुणी तीन आठवड्यांत पाय बदलला नव्हता.

माझ्या मते बघायचं ते एवढंच: पाय अंगाच्या किती पुढे पडतो? ढांग लांब टाकून, गुडघा ताठ ठेवून टाच आपटत असशील तर ते बदल. पावलं मोज. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुण, म्हणजे मिनिटाची एकूण पावलं कळतील. १५६ आले तर त्याच वेगात १६४ करून बघ. ढांग आपोआप आखूड होते आणि गुडघ्यावरचा भारही उतरतो.

घाटचढ:
रानवाट ताईंशी सहमत. यवतेश्वरच्या चढाला चवडा तसाही आधी टेकतो, पोटरी तिथेच दमते. त्यावर सपाटीलाही चवडा, म्हणजे तिला विसावाच नाही. शीर शांत होईपर्यंत घाट बंद ठेव. आणि उतारावर लांब ढांगा टाकू नकोस, तिथे प्रत्येक पाऊल ब्रेक होतं.

अजिंक्यतारा_पहाट:
ताई, दादा, मनापासून आभार. आज सपाटीवर ३ किलोमीटर जुन्या पद्धतीने हळू पळलो आणि मोजलं: अर्ध्या मिनिटात ३८, म्हणजे १५२. व्हिडिओ पुन्हा पाहिला, पाय खरंच फार पुढे पडतोय. आता १६० चा ठेका मोबाइलवर लावतो. घाट दोन आठवडे बंद. तरीही सकाळचं आखडणं राहिलं तर फिजिओंना दाखवून इथे कळवतो.