साबिरची धार बोलीत की वृत्तात?

अनुस्वार (धागाकर्ता):
अझरबैजानी उपहासकवी मिर्झा अलेकबेर साबिर (१८६२–१९११) याने कविता बाजारातल्या बोलीत आणली, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. तिफ्लिसमध्ये (आजचे त्बिलिसी) १९०६ साली निघालेल्या ‘मोल्ला नसरुद्दीन’ साप्ताहिकातील त्याच्या कवितांची भाषा बोलीची आहे खरी, परंतु वृत्ते जुना अभिजात कवी फुजुली याच्या गझलांची, म्हणजे अरूझचीच (लघु-दीर्घ अक्षरांवर चालणाऱ्या अरबी-फारसी छंदशास्त्राची) आहेत. ‘मिल्लत नेजे ताराज ओलुर ओलसुन, ने इशिम वार’ (राष्ट्र कितीही ताराज होवो, मला काय त्याचे) ही ओळ अरूझमधल्या हजज वृत्तात नेमकी बसते. (‘ताराज’, म्हणजे लुटलेला, हा शब्द आपल्या बखरींनाही परका नाही.) इतक्या घरंदाज चालीत असा कोडगा माणूस बोलतो, म्हणून हसू येते.

पारावरचा:
असहमत. वृत्ताला आपण फार श्रेय देत आहात. साबिर स्वतः क्वचितच कोणाला नावे ठेवतो. तो मुल्लाला, सावकाराला, शिव्या देणाऱ्या पोराला नवऱ्यासमोर पाठीशी घालणाऱ्या आईला बोलू देतो आणि ती माणसे आपल्याच तोंडाने उघडी पडतात. इराणमधील रश्तच्या ‘नसीम-ए-शुमाल’ या पत्रात सय्यद अश्रफ गिलानी यांनी त्याच्या कविता, त्याचे नाव न सांगता, फारसीत आणल्या, तेव्हा त्या तेथेही चालल्याच.

अनुस्वार:
आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. फारसीत जाताना शेमाखीची, म्हणजे साबिरच्या गावची, बोली गळून पडली. अरूझ मात्र तेथे आधीपासूनच घरचे होते.

पारावरचा:
बोलणारे पात्रही सोबत गेलेच की! शिवाय साबिरची अझरबैजानी ही तुर्कीच, आणि तुर्की शब्दांत मुळात दीर्घ स्वर नाहीत, त्यामुळे अरूझमध्ये ते ताणावे लागतात. ज्याला आपण घरंदाजपणा म्हणता, तो कित्येकदा नुसता ओढाताणीचा आवाज असतो.

काना-मात्रा:
ही ओढाताणच साबिरने विनोदासाठी वापरली असावी, असे मला वाटते. मात्र त्याला बोलीचा कैवारी ठरवणाऱ्यांनी त्याची एक चौओळी विसरू नये. बाकूच्या ‘फुयुजात’ या नियतकालिकाची उस्मानी (ऑटोमन साम्राज्यातील तुर्कीच्या) वळणाची भाषा तेव्हा वादात होती. त्याच काळात ‘उस्मानीतून तुर्कीत (म्हणजे इथल्या अझरबैजानीत) भाषांतर’ या शब्दप्रयोगावर त्याने विचारले, की दोन भाषांमध्ये भाषांतर होऊ शकते, पण याचा अर्थ तरी काय?

पारावरचा:
त्या प्रश्नात दोन्ही भाषा एकच धरल्या आहेत, हे मान्य करावे लागते. माझा ‘बोलीचा कवी’ तेवढ्यापुरता अडचणीत आला.