गृहकर्जाखेरीज 5,70,000 रुपयांचे देणे: रोजच्या काटकसरीने ते फिटू शकते का?

गोदाकाठ:
नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले. यजमानांचा पगार हाती 52,000 रुपये येतो आणि माझ्या घरगुती शिकवण्यांचे साधारण 12,000 मिळतात. गृहकर्जाचा 17,400 रुपयांचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही. मात्र गेल्या वर्षी सासऱ्यांच्या आजारपणात जे देणे झाले, ते आता झेपेनासे झाले आहे. वैयक्तिक कर्जाचे 3,60,000 रुपये बाकी आहेत (व्याज साडेचौदा टक्के, हप्ता 9,400). क्रेडिट कार्डावर 1,20,000 आहेत आणि पतसंस्थेत माझ्या पाटल्या तारण ठेवून 12 टक्क्यांनी घेतलेले 90,000 आहेत, ज्यांचे दरमहा 900 रुपये व्याज भरतो. कार्डाची किमान रक्कम म्हणून महिन्याला 6,000 रुपये जातात, तरी बाकी जवळजवळ आहे तिथेच आहे.

सगळे हप्ते गेल्यावर उरलेल्या तीस हजारांत घर चालते. त्यातून ओढूनताणून 5,500 रुपये वाचवता येतील असा माझा हिशेब आहे. एवढ्या मोठ्या देण्यापुढे ही शंभर-दोनशेची काटकसर खरोखर उपयोगी पडते का, आणि पडत असेल तर आधी कोणते कर्ज फेडावे? शिवाय येत्या वैशाखात नात्यात दोन लग्ने आहेत. तिथले आहेर कसे सांभाळावेत, हेही कळत नाही.

कृष्णातीर:
ताई, मी सहकारी बँकेच्या कर्जविभागात 27 वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी व्याजाकडे पाहतो. बहुतेक कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाचे 42 टक्के. तुमच्या 1,20,000 रुपयांवर महिन्याचे व्याज 4,200 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 756, असे 4,956 रुपये होतात. तुम्ही भरलेल्या 6,000 पैकी मुद्दलात जेमतेम 1,044 रुपये जातात. बाकी हलत नाही ती यामुळेच, आणि जोवर हे छिद्र उघडे आहे तोवर स्वयंपाकघरातली सगळी बचत त्यातूनच वाहून जाईल.

पाटल्या ठेवल्या तेव्हापेक्षा सोन्याचा भाव वाढलेला असेल, तर पतसंस्था नव्या मूल्यांकनावर त्याच दागिन्यांवर वाढीव रक्कम देऊ शकते. तसे झाल्यास 1,20,000 उचलून कार्ड पूर्ण फेडा. त्या रकमेचे 12 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 1,200 रुपये होईल. म्हणजे घरातला एकही खर्च न कापता दरमहा 3,756 रुपये वाचतील. त्यानंतर सोनेतारणाची एकूण बाकी 2,10,000 राहील. आज तुम्ही कार्डाला आणि पतसंस्थेला मिळून देता ते 6,900 आणि बचतीचे 5,500, असे 12,400 रुपये दरमहा भरत गेलात तर सुमारे 19 महिन्यांत पाटल्या घरी येतील. मधल्या काळात थोडी थोडी रक्कम मुद्दलात जमा करून घेतात का, हे आधी विचारा. थकबाकी झाली तर दागिन्यांचा लिलाव होतो, म्हणून हा मार्ग कार्ड पुन्हा न वापरण्याचा निश्चय असेल तरच धरावा.

पुढे तेच 12,400 वैयक्तिक कर्जाकडे वळवा, पण मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का, ते करारात पाहून घ्या. व्याज सर्वांत कमी असल्याने गृहकर्ज शेवटी. त्यात जादा रक्कम भराल तेव्हा हप्ता कमी न करता मुदत कमी करायला सांगा.

माणदेशी:
आम्ही 7,00,000 रुपयांचे देणे पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात फेडले, म्हणून लिहिते. काटकसर उपयोगी पडते, पण वाचलेला पैसा घरात राहिला तर तो कधी आणि कशात जातो, ते कळतही नाही. आमच्याकडे बाजारातून आल्यावर जे वाचले असेल ते, मग ते 60 रुपये का असेनात, त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि 5,000 झाले की कर्जात भरायचे, असा नियम होता. कपाटाच्या दाराला आतून पुठ्ठा लावला होता आणि त्यावर 140 चौकोन आखले होते. दर 5,000 भरले की मुलगा तेलकट खडूने एक चौकोन रंगवायचा. पहिला हिरवा खडू संपला तेव्हा त्याने त्याचे थोटूक जपून ठेवले होते.

नाशिकला राहता तर उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्येच शेतकऱ्याकडून घ्या. वारा लागेल अशा जागी पातळ पसरून, मधूनमधून निवडत राहिलात तर तो दिवाळीच्या सुमाराला पोहोचतो. वर्षाचे गहू उन्हात वाळवून भरणे, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावणे, तिखट-मसाला घरी कुटून घेणे, यांतून आमची खरी बचत झाली. ही खरेदी एकरकमी असते, त्यामुळे आम्ही शेजारच्या चार घरांबरोबर भिशी लावून ती उन्हाळ्यात उचलायचो. आहेरांबाबत मी जवळच्या नातेवाइकांना आधीच फोन करून सांगितले की यंदा आम्ही कामाला दोन दिवस आधी येऊ, पण मानपान करू शकणार नाही. कोणीही राग धरला नाही.

पाऊलवाट:
वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. माझ्या आईने वडिलांचे कर्ज फेडताना घरात कोणाच्याही ताटातले काही कमी केले नाही, फक्त स्वतःच्या ताटातले केले. तिसऱ्या वर्षी तिचे हिमोग्लोबिन 7 वर आले होते आणि तोवर आम्हा भावंडांच्या ते लक्षातही आले नव्हते. ताई, 5,500 चा हिशेब तुम्ही एकटीने मांडला आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. तो सगळ्यांसमोर मांडा, आणि त्यात यजमानांचा बाहेरचा चहा-नाश्ता, मोबाइलचे रिचार्ज आणि दुचाकीचे पेट्रोलही येऊ द्या. मुलांचे दूध, सासूबाईंची औषधे आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांना हात लावू नका. तुमचे कर्ज आजारपणातूनच उभे राहिले आहे. पहिले तीन-चार महिने बचतीतले पैसे बाजूला ठेवून 15,000 ची गाठ बांधा, म्हणजे अडीनडीला कार्ड बाहेर काढावे लागणार नाही. त्यामुळे 19 महिन्यांचे 20 किंवा 21 झाले तरी चालतील.

गोदाकाठ:
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हिशेब मी एकटीनेच मांडला होता, हे खरे आहे. रविवारी रात्री जेवणानंतर वही सगळ्यांसमोर ठेवली. यजमानांनी त्यांच्या खर्चातले 1,800 रुपये स्वतःहून लिहिले, तेव्हा मी स्वयंपाकघरातून कापलेले तेवढेच आकडे खोडले आणि दूध होते तेवढेच ठेवले. काल पतसंस्थेत पाटल्यांचे पुन्हा वजन आणि मूल्यांकन झाले. वाढीव 1,20,000 मिळत आहेत आणि मुद्दलात दरमहा रक्कम जमा करून घेण्यासही ते तयार आहेत. लग्नघरी सासूबाईंनीच फोन केला. धाकटीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीने 42 चौकोन आखले आहेत आणि पहिला कधी रंगवायचा, असे ती रोज विचारते.