मदत हवी आहे: टीटीजी (सिलिॲकची रक्ततपासणी) निगेटिव्ह, पण एकूण आयजीए जवळजवळ नाहीच

मुलगा १५ वर्षांचा. बरेच महिने पोट फुगतं, शौचाला पातळ, तेलकट होते. वजन वाढत नाही, उंचीही अडल्यासारखी. फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) ६, हिमोग्लोबिन ९.८, आणि लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नाही. जंतांचं औषध झालं, शौच तपासणी आणि थायरॉइड ठीक. दूध बंद करून पाहिलं, फरक शून्य.

टीटीजी-आयजीए निगेटिव्ह आलं म्हणून सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) नाही, असं सांगितलं गेलं. पण त्याच रिपोर्टमध्ये एकूण आयजीए (ही टेस्ट ज्या प्रकारच्या अँटीबॉडी शोधते, तो प्रकार) ७ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आहे. आयजीए मुळात बनतच नसेल तर ती टेस्ट निगेटिव्ह येणारच की! गहू रोज दोन वेळा चालू आहे, मुद्दामच. तेव्हा ‘आधी गहू सोडून बघा’ हा सल्ला कृपया नको. सोडला तर आतड्याचं अस्तर भरून येईल आणि बायोप्सीतही (आतड्याच्या तुकड्यांची तपासणी) काही सापडणार नाही.

आता टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी (आयजीएऐवजी आयजीजी अँटीबॉडी पाहणाऱ्या सिलिॲकच्या रक्ततपासण्या) आधी करावी, की थेट एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी)? केलीच तर ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) बल्बमधून, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या भागातून, १-२ आणि पुढून किमान ४ तुकडे घ्या, असं आधीच सांगून ठेवावं लागतं का? पोट फार दुखतं म्हणून गहू एकाच वेळेवर आणला, तर बायोप्सीपर्यंत तेवढा पुरेल?