नववीच्या मुलांना नर्सिंगची ओळख: हाताला काय काम देऊ?

विज्ञानबाई, फलटण तालुका
नमस्कार. येत्या दोन शनिवारी नववीच्या ४२ मुलांना नर्सिंगची ओळख करून द्यायची आहे. उपकेंद्रातल्या सिस्टर बीपीचं यंत्र घेऊन यायला तयार आहेत. नुसतं भाषण नकोय, मुलांच्या हाताला काम हवंय. पण कशाला हात लावू द्यावा, कशाला नाही, ते ठरत नाहीये. त्यात मुलगे आत्तापासूनच म्हणतायत, "बाई, हे मुलींचं काम."

निवृत्त सिस्टर, मिरज
बाई, माझी ३१ वर्षं वॉर्डात गेली. बीपीच्या यंत्राने सुरुवात करू नका. यंत्र दिसलं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि पेशंट बाजूलाच राहतो. आधी हात धुणं.

धुऊन निघेल असा रंग आणा. मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा, तळहातावर चमचाभर रंग ओता आणि साबण समजून हात चोळायला सांगा. रुमाल सोडला की दिसतं: अंगठे, नखांची टोकं, बोटांच्या बेचक्या कोऱ्याच! मग साबणाने धुवायला लावा, घड्याळ लावून. नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात.

त्यानंतर नाडी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटं, अगदी हलकी. अंगठ्याने बघायची नाही, त्यात आपलेच ठोके लागतात. पूर्ण मिनिट मोजायची. मोठ्या माणसाची बसल्या जागी साधारण ६० ते १०० भरते. मैदानाला एक चक्कर मारून आल्यावर पुन्हा मोजू द्या. आणि श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर हळूच छातीवर न्यायची. हे मला माझ्या पहिल्या वॉर्डच्या सिस्टरांनी शिकवलं.

सुई मात्र दाखवायलाही आणू नका. एका शाळेत पाहुण्यांनी हौसेने मुलांना संत्र्यावर इंजेक्शन द्यायला लावलं. टोपण परत लावताना एका मुलीच्या बोटात सुई गेली. सुई नवी होती, पुढे काही झालं नाही. पण मी तिथे उभी होते आणि अडवलं नाही, ते अजून मनाला लागतं.

जोड्या मुलग्या-मुलग्यांच्या, मुली-मुलींच्या लावा. आणि हात धरण्याआधी "धरू का?" असं विचारायलाच हवं, मैत्रीण असली तरी.

आयसीयूतला ब्रदर, पुणे
त्या मुलग्यांना माझं सांगा. मी १२ वर्षं आयसीयूत आहे. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. ते देताना मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून आम्ही आळीपाळीने देतो. वर्गात सरावाचा पुतळा नसेल तर घट्ट उशीवर नुसता ताल धरू द्या. जिवंत माणसाच्या छातीवर सराव अजिबात नको.

दहावीच्या आत आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, बायोलॉजीसह. तीन वर्षांच्या जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठल्याही शाखेची बारावी चालते. माझ्या चुलतभावाला बीएस्सीच करायचं होतं, पण हे कळेपर्यंत तो बारावी कॉमर्स झाला होता. आणि फी भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते बघायला सांगा.

विज्ञानबाई, फलटण तालुका
पहिला शनिवार झाला. हाताला रंग लावल्यावर वर्गात हशा आणि रुमाल सोडल्यावर एकदम शांतता. "मुलींचं काम" म्हणणारा पोरगा सोमवारी वहीत आजीची नाडी आणि श्वास लिहून घेऊन आला, सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. सिस्टर, पुढच्या शनिवारी बीपी घेऊ का?

निवृत्त सिस्टर, मिरज
घ्या. आधी पाच मिनिटं शांत बसवा, बाही वर सारा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि पट्टा बांधल्यावर कुणी बोलायचं नाही. मोठ्यांचा पट्टा बारीक मुलांच्या दंडाला सैल होतो, म्हणून बीपी शिक्षकांचंच मोजू द्या. त्या मुलाला आजीच्या आकड्यांशेजारी वेळही लिहायला सांगा.