पावसाळ्यात क्लिअर कोट पांढरा पडला

म्हापसा: सी हॅरियर लढाऊ विमानाचं १:७२ डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं) मॉडेल पुन्हा रंगवलं. वरून लॅकर क्लिअर (पारदर्शक संरक्षक थर) मारताच दुधाळ झाक आली. सगळं खरवडू?

वास्को: थांबा! ही हवेतली ओल. थिनर झपकन उडतो, पृष्ठभाग थंडावतो, त्यावर दंव धरतं. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी पातळ फवारा द्या; झाक बहुधा जाते. ओला थर नको, डिकल्स (चिकटवलेली चिन्हं) सुरकुततील.

फोंडा: आषाढात गोव्यात लॅकर म्हणजे हौसच! एसीने खोली कोरडी करा, तो बंद करा, मग मास्क लावून मारा. २० सेंमीवरून २-३ धुरकट थर, मध्ये १५ मिनिटं.

म्हापसा: पोटाशी रंग नखाने सुटतोय, तोही ओलीमुळे?

वास्को: नाही, तिथे प्रायमर चुकलाय. डायकास्टच्या जस्ताच्या मिश्रधातूवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर हवा. तेवढा भाग मात्र खरवडाच.