तत्त्वज्ञानाची पदवी: अभ्यासाची आखणी आणि पुढचा व्यवसाय

तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेऊन पदवी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला घरातून पहिल्यांदा विचारले जाते ते ‘पुढे काय करणार?’ हेच. प्रश्न रास्त आहे आणि तो टोलवू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून ज्यांनी ही पदवी घेऊन पुढे निरनिराळ्या क्षेत्रांत काम केले, त्यांना विनंती आहे की, आपण विषय कोणत्या क्रमाने घेतलेत, सोबत आणखी काय शिकलात आणि प्रत्यक्ष कामात त्यातले काय उपयोगी पडले, ते लिहावे. विषयाच्या थोरवीबद्दल दुमत नाही. त्यामुळे भर आखणीवर असावा.

सुरुवात मीच करतो. मी ग्रंथसंपादनाचे काम करतो. माझ्या अनुभवात सर्वाधिक महत्त्व अभ्यासाच्या क्रमाला आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटचा शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेचा ग्रंथ १७८१ साली आला आणि त्यातील बराच भाग कार्यकारणसंबंधाविषयी स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने उपस्थित केलेल्या शंकांना दिलेले उत्तर आहे. ह्यूम न वाचता थेट कांटकडे गेलेल्या विद्यार्थ्याला उत्तर मिळते, पण प्रश्न कळलेला नसतो. म्हणून पहिल्या वर्षी तर्कशास्त्र आणि प्लेटोचे काही संवाद, दुसऱ्या वर्षी देकार्तपासून कांटपर्यंतचा सलग इतिहास आणि शेवटच्या वर्षी एकाच प्रश्नावर खोल काम, अशी मांडणी मला योग्य वाटते. संपादनात रोज लागणारी गोष्ट, म्हणजे लेखकाच्या युक्तिवादातील अनुक्त गृहीतक शोधणे, मी या क्रमामुळेच शिकलो.

सॉफ्टवेअर क्षेत्रातील एका वाचकाकडून

चिन्हांकित तर्कशास्त्र (युक्तिवाद चिन्हांत मांडण्याचे शास्त्र) हा पेपर बरेच विद्यार्थी उत्तीर्ण होण्यापुरता करतात; मी मात्र तो शक्य तितका पुढे नेला आणि माझी वाट तिथूनच फुटली. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८७९ मध्ये ‘सर्व’ आणि ‘काही’ यांना काटेकोर चिन्हरूप दिले. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७० मध्ये मांडलेली माहितीसाठ्याची (डेटाबेसची) संबंधाधारित रचना, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवण्याची पद्धत, त्याच परंपरेतील विधेय तर्कशास्त्रावर, म्हणजे वस्तूंचे गुण आणि संबंध चिन्हांत मांडणाऱ्या तर्कशास्त्रावर, उभी आहे. त्यामुळे माहितीसाठ्याला विचारायचे प्रश्न लिहिताना मला काहीही परके वाटले नाही. तथापि, स्पष्ट सांगायला हवे की, मुलाखतीला बोलावणे आले ते तत्त्वज्ञानाच्या गुणांवर आलेले नाही. पदवीच्या काळातच गणिताचे दोन-तीन पेपर घेऊन आणि छोटे प्रोग्रॅम लिहून मी दाखवण्याजोगे काम तयार ठेवले होते. तर्कशास्त्राची खरी किंमत नोकरी लागल्यानंतर कळली, कारण अवघड चूक शोधताना कोणत्या गृहीतकावर काय अवलंबून आहे हे शांतपणे मांडता येत असे.

वकिली करणाऱ्या एका वाचकाकडून

आमच्या प्राध्यापिकाबाई निबंधाच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळत असत: पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते मत, इतक्या समर्थपणे मांडायचा की, त्या मताच्या माणसानेही ‘हेच माझे म्हणणे’ असे म्हणावे, खंडनाला हात घालायचा तो त्यानंतर. भारतीय दर्शनांच्या ग्रंथांत ही पद्धत पानोपानी दिसते, आणि न्यायदर्शनाचा, म्हणजे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणाऱ्या दर्शनाचा, अभ्यास करताना तिच्यामागची शिस्त मला समजली. आज प्रतिपक्षाचा युक्तिवाद आधीच लिहून काढण्याची माझी जी सवय आहे, ती तिथलीच. करारातील एखादी अट आवश्यक आहे की पुरेशी, ‘किंवा’ हा शब्द नेमका कोणत्या भागाला लागू होतो, असे प्रश्न आमच्या कामात पैशाचे आणि हक्कांचे असतात.

निबंधाच्या लांबीबद्दलही सांगावेसे वाटते. तत्त्वज्ञ एडमंड गेटिअरने १९६३ मध्ये जेमतेम तीन पानांचा लेख लिहून दाखवले की, एखादी समजूत खरी आणि समर्थित असली तरी ती ज्ञान ठरेलच असे नाही. विद्यार्थ्यांनी तो लेख आशयासाठी वाचावाच, पण एकच दावा घेऊन तो दोन उदाहरणांत कसा सिद्ध करावा, हे शिकण्यासाठीही वाचावा. पुढच्या प्रवेशासाठी लेखनाचा नमुना मागितला जातो तेव्हा असा नेमका, अनेकदा तपासलेला एक निबंध जवळ असणे फार मोलाचे ठरते.

रुग्णालयाच्या नीतिसमितीत काम करणाऱ्या वाचकाकडून

उपयोजित नीतिशास्त्र घेणार असाल तर सोबत जीवशास्त्र किंवा संख्याशास्त्र जरूर घ्या. संशोधनासाठी व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे माणसांवरील प्रयोगांविषयीच्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिलेच कलम आहे; परंतु संमतीपत्रातील धोका रुग्णाला समजेल असा लिहिला आहे का, हे ठरवायला तो धोका आधी आपल्याला समजावा लागतो. स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे पाठ करणे सोपे आहे. रुग्ण उपचार नाकारतो आणि कुटुंब आग्रह धरते, तेव्हा यांतील दोन तत्त्वे समोरासमोर उभी राहतात, आणि डॉक्टरांच्या भाषेत बोलता आले तरच आपले म्हणणे त्या बैठकीत ऐकले जाते.

धोरणविषयक संशोधनातून

थोडक्यात लिहिते. वस्तुस्थितीच्या विधानांतून ‘असे असावे’ हे विधान आपोआप निघत नाही, हा ह्यूमचा मुद्दा मला प्रत्येक अहवालात आठवतो. आकडेवारी शिकून घ्या, म्हणजे हा मुद्दा आकड्यांच्या संदर्भात मांडता येईल.

अध्यापन आणि संशोधनाच्या वाटेवरून

ज्यांना प्राध्यापकच व्हायचे आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी स्वच्छ सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. जागा थोड्या असतात, डॉक्टरेटला अनेक वर्षे लागतात आणि त्यानंतरही बराच काळ तात्पुरत्या नेमणुकांवर काढावा लागू शकतो. तरीही हा मार्ग निवडायचा असेल, तर मूळ भाषेची तयारी पदवीपासूनच सुरू करावी: कांटसाठी जर्मन, ॲरिस्टॉटलसाठी ग्रीक, न्याय-मीमांसेसाठी संस्कृत, प्रारंभिक बौद्ध विचारासाठी पाली. भाषा ऐनवेळी येत नाही. दोन-तीन शिक्षकांना आपले लेखन नियमित दाखवत राहावे. शिफारसपत्रात नेमके काही लिहिता यावे, यासाठी त्यांनी आपला विचार बदलत गेलेला पाहिलेला असावा लागतो. शिष्यवृत्ती किंवा वेतनाची सोय नसलेल्या डॉक्टरेटला कर्ज काढून प्रवेश घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आणि प्रवेश स्वीकारण्यापूर्वी त्या विभागातून अलीकडे बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे काम करीत आहेत, हे विभागाला लेखी विचारावे.